गाविलगडाच्या डोंगरातील पाण्याच्या वाटा

धारणीहून निघालेली मोटार हरिसाल आणि सेमाडोह ही गावे मागे टाकून घटांगकडून चिखलदऱ्याचा चढ चढू लागली, आणि श्रावणातले धुके सागाच्या पानापानांतून उतरत रस्त्यावर येऊन बसले, की हिमालयाची यात्रा करून आलेल्या एखाद्या सोबत्याच्या तोंडून 'हे तर आपले काश्मीरच' असा उद्गार हटकून निघतो. त्या उद्गारातील माया खरी असते, आणि वऱ्हाडच्या उन्हात वर्षाचे आठ महिने होरपळणाऱ्या माणसाला समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरांवरील या पठाराचा गारवा, तलावाचे संथ पाणी आणि कड्यांवरून कोसळणारे ओढे पाहून काश्मीर आठवावे यात नवल नाही. तरीही या डोंगरांवर प्रेम करणारा मनुष्य म्हणून मला ती तुलना मान्य नाही. कारण काश्मीरचे गिरितलाव ज्या हातांनी घडले ते हात सातपुड्याला लागलेले नाहीत, आणि सातपुड्याला जे लागले त्यांची कथा थोरवीत तसूभरही उणी नाही.

हिमालयातील उंचावरचा तलाव बहुधा हिमनदीची कृती असतो. शतकानुशतके साचलेले हिम स्वतःच्या भाराने घट्ट होऊन उताराने सरकू लागते, पोटात अडकलेल्या दगडगोट्यांनी खालचा खडक कानशीने घासावा तसा घासते, डोंगराच्या कुशीत वाडग्याच्या आकाराचा खळगा कोरते आणि पुढच्या तोंडाशी राडारोड्याचा बांध टाकते. पुढे हिम वितळून मागे हटले की त्या खळग्यात पाणी राहते. उत्तराखंडातील रूपकुंड हे पाच हजार मीटरांवरील तळे असेच हिमाने घडविलेले आहे. राडारोड्याचा बांध मात्र भरवशाचा नसतो, याचा दारुण दाखला केदारनाथच्या वरच्या अंगास असलेल्या चोराबारी तलावाने जून २०१३ मध्ये दिला. बांध फुटला आणि खालच्या यात्रास्थळी अनर्थ झाला.

आता चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहून खाली पाहिले, तर अर्धवर्तुळाकार भिंतींनी वेढलेली दरी पाहून कुणालाही असेच वाटेल की हाही एखादा हिमाने कोरलेला खळगा असावा. वस्तुतः गेल्या हिमयुगाचा कडाका सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी सर्वांत तीव्र होता, तेव्हाही येथील सर्वोच्च वैराट शिखराची १,१७८ मीटरांची उंची आणि कर्कवृत्ताच्याही दक्षिणेकडील हे अक्षांश हिमनदी धरून ठेवण्यास सर्वस्वी अपुरे होते. ही भिंत पाण्याने कोरली आहे, आणि ज्या खडकात ती कोरली तो अग्नीतून जन्मलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस थराथराने बाहेर पसरला, आणि त्याच काळ्या पाषाणाने दख्खनचा बहुतेक मुलूख आजही झाकलेला आहे.

हे थर म्हणजे काय ते पाहण्यासाठी कोणत्याही ग्रंथाची तसदी घ्यावी लागत नाही. चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटच्या कपारीत पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. बाहेर पाऊस थांबलेला असतो, पण छतातून थेंब पडत राहतात. भाविक ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. त्या थेंबाचा प्रवास विलक्षण आहे. पठारावर पडलेला पाऊस वरच्या पाषाणाच्या उभ्या सांध्यांतून, सुईच्या टोकाएवढ्या फटींतून, हळूहळू खाली उतरतो. वाटेत त्याला कधी सच्छिद्र थर भेटतो, ज्याच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात, तर कधी विटकरी तांबड्या मातीचा पातळ पट्टा भेटतो. बोट लावले तर रंग उतरावा असा हा पट्टा म्हणजे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या विश्रांतीत, पृष्ठभागावरील ऊन-पावसाने झिजून झालेली माती. वरून पुन्हा तप्त रस वाहिला आणि ती भाजून निघाली. असा पट्टा पाण्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवे वळते आणि जेथे कडा उघडा पडला असेल तेथे पाझरून बाहेर येते. सातपुड्यातील आणि सह्याद्रीतील कित्येक लेण्यांच्या टाक्या व कपारींतले झरे याच न्यायाने जिवंत आहेत.

धबधब्याची गोष्टही यातूनच उलगडते. भीमकुंडाच्या वाटेने जावे. कीचकाला मारून भीमाने येथे हात धुतले अशी लोककथा आहे आणि कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले असेही सांगतात. पावसाळ्यात तेथे उभे राहिल्यावर आवाजाखेरीज दुसरे काही सुचत नाही. पाणी वरच्या कठीण थरावरून झेपावते, तळाशी डोह खणते, कड्याच्या पायथ्याचा मऊ थर उडत्या तुषारांनी व भोवऱ्यांनी पोखरते; आधार गेलेला वरचा पाषाण आपल्या उभ्या सांध्यांवर तुटून खाली येतो, आणि धबधबा पाऊलभर मागे सरतो. लाखो वर्षे हेच चालले म्हणजे पठाराच्या काठाला अर्धवर्तुळाकार खाचा पडतात. ज्याला आपण दरी म्हणतो ती धबधब्याने मागे सोडलेली वहिवाट आहे.

परंतु पाण्याला एवढ्या उंचीवरून पडण्याची संधी मिळाली ती भूगर्भातील एका भेगेमुळे. गाविलगडाच्या डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी एक मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या उत्तरेकडील भूभाग उचलला गेला आणि दक्षिणेकडील खचला. त्या खचलेल्या भागात नद्यांनी काही ठिकाणी तीनशे मीटरांहून अधिक जाडीचा गाळ भरला, तेच पूर्णेचे खोरे होय. अकोला आणि दर्यापूरकडील वाचकाला खारपाणपट्टा निराळा सांगायला नको. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही असा तो प्रदेश याच गाळावर वसला आहे. एकाच भेगेच्या एका अंगास गोड्या पाण्याचे धबधबे आणि दुसऱ्या अंगास खाऱ्या विहिरी असा हा आमचा वऱ्हाड आहे. याच भेगेच्या आश्रयाने सालबर्डीजवळ लाव्ह्याखालचे जुने खडक उघडे पडले असून तेथील थरांत डायनोसोरांचे जीवाश्म मिळाले आहेत.

तलावांविषयी बोलायचे तर चिखलदऱ्याचा शक्कर तलाव आणि गाविलगडावरील देवतलाव व मच्छी तलाव ही माणसाने अडविलेल्या पाण्याची उदाहरणे आहेत. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने बांधविलेला हा गड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या ताब्यातून गेले; पण पाण्याचा साठा गडावर असल्याखेरीज किल्ला लढत नाही हे जाणणाऱ्यांनी खोदलेली तळी अद्याप भरतात. वऱ्हाडात खरोखर निसर्गनिर्मित म्हणावे असे थोर सरोवर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे, आणि ते आकाशातून कोसळलेल्या अशनीने घडविले आहे.

मग हिमाचा आणि आपल्या प्रांताचा संबंध कधी आलाच नाही काय? आला, पण फार पूर्वी. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर हिमाने ओढलेले ओरखडे भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७५ साली नोंदविले. ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे, भारतभूमी दक्षिण ध्रुवाच्या निकट होती त्या काळचे. अलीकडच्या हिमयुगाची छाया मात्र सातपुड्यावर निराळ्या रीतीने पडली असावी असे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचे मत होते. ईशान्येकडील डोंगरी प्रवाहांतले मासे आणि सह्याद्रीतले मासे यांत साम्य का, याचे उत्तर देताना १९४९ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की थंड व ओलसर कालखंडांत सातपुड्याच्या रांगेने या जलचरांना पूल दिला. पुढील अनुवंशशास्त्रीय अभ्यासकांनी या उपपत्तीवर आक्षेप घेतले. पण विंध्य-सातपुडा हा जीवांचा रस्ता असू शकतो ही कल्पना अभ्यासाला चालना देणारी ठरली.

आजचा रस्ता अरण्याचा आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये याच डोंगरांत मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. येथे पावसाळ्यात सागाचे रुंद पान पावसाचा मारा झेलते, उन्हाळ्यात तेच पान गळून भूमीवर पसरते, आणि कुजलेल्या पाचोळ्याची ती गादी पावसाला थोपवून पाषाणाच्या फटींत उतरायला अवकाश देते. जंगल गेले तर झरा आटतो, हे चिखलदऱ्याच्या उन्हाळी पाणीटंचाईकडे पाहून कोणासही समजावे. येथून सिपना नदी वाहते, आणि येथील कोरकू लोकांच्या भाषेत सिपना म्हणजे साग; ज्या लोकांनी नदीला झाडाचे नाव दिले त्यांना पाणी आणि वन यांचे नाते कोणी शिकविण्याची गरज नव्हती. म्हणून वाचकहो, या वाटांवर जाल तर पायी जा, पण वनखात्याच्या परवान्याने आणि वाट माहीत असलेल्या स्थानिक कोरकू सोबत्याबरोबर. पावसात कड्याच्या निसरड्या काठावर उभे राहण्याचा मोह टाळा. आणि पाण्याजवळ आपली कोणतीही वस्तू मागे ठेवू नका. या पठाराच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब सिपनेतून धारणीच्या बाजूने तापीला जातो, दक्षिण उतारावर पडलेला चंद्रभागेतून पूर्णेला जातो, आणि पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवाजवळ पूर्णा तापीला मिळते, तेथे ते दोन्ही थेंब पुन्हा एकत्र येतात.