ओटा बदलण्याआधी डागडुजी करून पाहा

आपल्या घरात ओटा म्हटला की कडप्पा, नाहीतर ग्रॅनाइट. पण खोली लहान, दगडी ओटा जेमतेम तीन फुटांचा, म्हणून शेजारी प्लायवर सनमायका चिकटवून केलेला जोडओटा आज पुष्कळ घरांतून दिसतो. भाड्याच्या खोलीत तर घरमालक तोडफोड करू देत नाही, तेव्हा हाच मार्ग उरतो. दिसायला छान, पुसायला सोपा. मात्र चार-पाच वर्षे गेली की कडेचा सनमायका उचलतो, कोपऱ्याचा टवका उडतो, आणि घरात चर्चा सुरू होते, "आता हा बदलावाच लागणार."

बदलण्याचा हिशेब आधी मांडून पाहावा. सनमायकाचा पत्रा साधारणपणे आठ बाय चार फुटांचा अख्खाच घ्यावा लागतो, मग तुमचा ओटा चार बाय दीड फुटांचा का असेना. त्यावर सुताराची मजुरी, गोंद, कडेची पट्टी, रिक्षाभाडे. आणि एक खर्च कोणी धरीतच नाही, तो म्हणजे चूल बंद राहण्याचा. आमच्या इमारतीतील एक ताई डबे करून देतात. त्यांच्या जोडओट्याची सिंकजवळची वीतभर कड उचलली. आत पाणी, खरकटे, मग झुरळे. डब्याचे गिऱ्हाईक एकदा दारातून आत डोकावले तर काय म्हणेल, ही त्यांना धास्ती. सुतार म्हणाला, "पूर्ण बदलू, दोन दिवस लागतील." दोन दिवस डबे बंद म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली, आणि एखादे गिऱ्हाईक कायमचे दुसरीकडे वळायचे ते वेगळेच. तेव्हा आम्ही त्यांना सांगितले, शनिवारी दुपारचे डबे गेले की हात घालू.

हाताळण्यापूर्वी ही वस्तू काय आहे ते समजून घेतलेले बरे. सनमायका हे मुळात व्यापारी नाव, ते आपल्याकडे वस्तूचेच नाव होऊन बसले. 1912 च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल ओकॉनर व हर्बर्ट फेबर या दोघांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी असा थरांचा पत्रा काढला. इंग्रजीत अभ्रकाला मायका म्हणतात, त्यावरूनच त्यांच्या मालाला फॉर्मिका नाव पडले. हा पत्रा म्हणजे चक्क कागद होय. राळेत भिजवलेल्या जाड तपकिरी कागदांचे थर, वर नक्षीचा एक पातळ कागद, आणि हे सारे उष्णतेने व प्रचंड दाबाने एकजीव केलेले. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. टवका उडाला की आत तपकिरी दिसते ते यामुळेच. आणि म्हणूनच चरा घालवण्यासाठी पॉलिशपेपर घासू नये. वरचा नक्षीचा थर इतका पातळ असतो की चरा जायच्या आधी नक्षीच जाते.

आता उचललेली कड. निम्मे लोक येथेच घाई करतात. फटीत गोंद ओततात, वर वरवंटा ठेवतात आणि तासाभराने स्वयंपाकाला लागतात. आठ दिवसांत कड पुन्हा वर. कारण आत ओल आणि कचरा तसाच असतो. प्रथम फटीत दोन-तीन आगकाड्यांचे तुकडे अडकवून ती उघडी ठेवावी. फार उचलू नये, सनमायका काचेसारखा तडकतो. जुन्या हॅक्सॉ ब्लेडने आतला वाळका गोंद खरवडावा, दात घासायच्या जुन्या ब्रशने भुगा काढावा. मग टेबलफॅन लावून रात्रभर सुकू द्यावे. ताईंकडे शनिवारी एवढेच काम झाले.

रविवारी सकाळी गोंद. तो दोन तऱ्हेचा मिळतो. एक पांढरा, नेहमीचा. तो सावकाश वाळतो, म्हणून वर वजन ठेवून चोवीस तास हात लावायचा नाही. ओलीच्या जागेसाठी फेविकॉल मरीन मिळतो, सिंकजवळ तोच बरा. दुसरा पिवळसर, रबरासारखा, उग्र वासाचा. तो प्लायला आणि सनमायकाच्या पाठीला, दोन्हीकडे पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटे बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे, मग काड्या काढून आतून बाहेर दाबत यायचे. हा लगेच धरतो. पण त्याची वाफ पेट घेते. म्हणून गॅसचा रेग्युलेटर बंद, देवळीतली पणती, उदबत्ती विझवलेली, खिडकी सताड उघडी, आणि मुले बाहेर. याबाबत आम्ही कोणाचे ऐकत नाही. ताईंकडे आम्ही पांढराच वापरला. वर जुने वर्तमानपत्र, त्यावर फळी, फळीवर पाण्याने भरलेली कळशी. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसला. सोमवारी पहाटे पाचला पोळ्या त्याच ओट्यावर लाटल्या गेल्या.

कोपऱ्याचा टवका सापडला असेल तर फेकू नये, तोच परत चिकटवावा. जोड दिसत नाही. हरवला असेल तर अरल्डाइटच्या दोन नळ्यांतला माल सारखा घ्यावा, त्यात रांगोळीच्या दुकानातला किंवा चित्रकलेचा कोरडा रंग कालवून ओट्याच्या रंगाजवळ आणावा. रंग किंचित गडद ठेवावा, फिका डाग जास्त डोळ्यांत भरतो. खड्ड्याभोवती चिकटपट्टी लावून माल भरावा, जुन्या पत्त्याच्या कडेने सपाट करावा. पूर्ण घट्ट झाल्यावर उंचवटा ब्लेडने हलकेच तासावा.

मधोमध फुगा आला असेल तर वर सुती कापड घालून कोमट इस्त्री दहा-दहा सेकंद फिरवावी व थंड होईपर्यंत दाबून धरावे. जुना गोंद मऊ होऊन पुन्हा धरतो. नेहमी धरेलच असे नाही. हळदीच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप थोडा वेळ ठेवून मऊ फडक्याने पुसावा. तारेची घासणी आणि संडासाचे ॲसिड दूरच ठेवावे. गरम कुकर टेकवून पडलेला काळा डाग मात्र जात नाही, कारण तेथे कागदच जळलेला असतो. तेवढ्या जागी एखादी टाइल चिकटवली तर कुकर ठेवायला जागा होते.

खरी अडचण सनमायकाखालची फळी फुगली तर येते. भुशाची दाबलेली फळी पाणी पिऊन एकदा फुगली की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, वर कितीही गोंद लावा. तेथे डागडुजीत पैसे घालू नयेत. सुताराला बोलवावे, पण आधी ठरवून घ्यावे की फुगलेला तुकडाच बदलायचा, प्लाय ओलीत टिकणारा लावायचा, आणि कापलेल्या कडा उघड्या न ठेवता बंद करायच्या. सिंकच्या कडेने सिलिकॉनची रेघ ओढून घ्यावी. काम झाल्यावर पत्र्याचा उरलेला तुकडा सुतार घेऊन जातो, तो मागून घ्यावा. पैसे तुम्ही दिलेले आहेत. त्याच्या पाठीवर दुकानातला नक्षीचा नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवावा, पुढच्या टवक्याला तोच कामी येतो.