कापलेल्या सफरचंदाचा रंग आणि करकरीतपणा

कापलेलं सफरचंद फ्रिजमध्ये ठेवलं की काळं पडत नाही, हा समज अर्धाच खरा. सुरी फिरताच पेशी फुटतात, आतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉल द्रव्यांना भिडतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे फोड तपकिरी होते. थंडीने हे मंदावतं, थांबत नाही. म्हणून फोडी लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवाव्यात. आम्लाने विकर ढिलं पडतं, क जीवनसत्त्व रंग धरू देत नाही, पण ते संपलं की काळवंडणं पुन्हा सुरू. आंबट चव नको असेल, तर किंचित मिठाचं पाणीही चालतं, कारण क्लोराइड विकराला अडवतं. करकरीतपणाचं गणित मात्र वेगळं: तो पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनवर टिकतो आणि कॅल्शियम ते बांधून ठेवतं. पाकीटबंद फोडींना कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेट लावतात ते दोन्हींसाठी. घरी फोडी निथळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.