दगड काय शिकवतो, पाव काय शिकवतो

पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. कोकणची वाट धरण्याआधी गाड्या इथे चहा-वड्यासाठी थांबतात आणि थांबणाऱ्या माणसांच्या भरवशावर नाक्यावरची कुत्री जगतात. अशा कुत्र्याला कुणी ‘बस’ शिकवलेलं नसतं, ‘थांब’ शिकवलेलं नसतं. तरी कंटेनरच्या चाकाखाली न येता रस्ता कसा ओलांडायचा, कुठल्या हॉटेलचा पोऱ्या दगड मारतो आणि कुठला उरलेला पाव टाकतो, लहान मूल असलेल्या टेबलाजवळ गुपचूप बसून राहिलं की तुकडा खाली पडतोच, हे सगळं त्याला पक्कं ठाऊक असतं. आता यात दगडानेही काहीतरी शिकवलं, हे मान्य करायला हवं. पण दगडाने शिकवलं ते एवढंच, की त्या पोऱ्यापासून लांब राहा. गुपचूप बसायला शिकवलं ते पावाने. कुत्रा पाळणाऱ्या आणि त्याच्या वागण्याने हैराण झालेल्या माणसाने हा फरक नीट समजून घेतला, तर त्याचा निम्मा त्रास कमी होईल.

आपल्याकडे म्हणतात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. ही म्हण माणसांच्या स्वभावाबद्दल खरी असेल. कुत्र्याच्या वागण्याबद्दल ती सपशेल चुकीची आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना खटक्याच्या पेटीत ठेवून दाखवून दिलं होतं, की ज्या हालचालीने दार उघडतं आणि खाणं मिळतं, ती हालचाल पुढच्या खेपेला लवकर होते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी यावर आयुष्य खर्च केलं. या नियमाची खोच अशी, की तो आपण शिकवायला बसलो तरच लागू होतो असं नाही, तो दिवसभर चालू असतो. बेल वाजली, कुत्रा भुंकला, पार्सल देणारा मुलगा पार्सल ठेवून निघून गेला. आपल्याला माहीत आहे की तो जाणारच होता. कुत्र्याच्या हिशेबात त्याला भुंकण्याने पळवून लावलं. मोटरसायकलमागे धावणाऱ्या कुत्र्याचंही तेच: गाडी दर वेळी पळून जाते, म्हणजे दर वेळी तो जिंकतो. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाला आपण दोन्ही हातांनी ढकलतो आणि ओरडतो. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकट्या राहिलेल्या जीवाला तो खेळच वाटतो. जेवताना दहादा ‘नाही’ म्हणून अकराव्यांदा पोळीचा तुकडा दिला, तर तो चिकाटी शिकतो, कारण अधूनमधून मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा सवय अधिक घट्ट करतं. थोडक्यात, ‘वाईट’ म्हणून ज्या सवयीची तक्रार होते, तिला कुठून तरी पगार मिळत असतो. त्यामुळे बक्षीस द्यायचं की नाही, असा प्रश्नच उरत नाही. ते दिलं जातच आहे. ते कशासाठी द्यायचं हे आपण ठरवणार की पार्सलवाला, एवढंच ठरायचं आहे.

हे ध्यानात आलं की उपायाची दिशाही बदलते. ‘भुंकू नको’ हे शिकवता येत नाही, कारण ‘न करणं’ ही काही कृती नव्हे. बेल वाजल्यावर दारापासून चार हातांवरच्या सतरंजीवर जाऊन बसणं ही मात्र कृती आहे आणि ती शिकवता येते. आधी बेलशिवाय: सतरंजीवर पाय पडला की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. ‘त्याच क्षणी’ याला इथे फार महत्त्व आहे; दहा सेकंदांनी दिलेला तुकडा कुत्रा दहा सेकंदांनंतरच्या वागण्याशी जोडतो. मग थोडा वेळ बसून राहण्यासाठी, मग घरातल्याच कुणी हळूच दार ठोठावल्यावर, मग बेलवर, आणि शेवटी खऱ्या पाहुण्यासमोर. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. शिकवणं चालू असेपर्यंत जुन्या सवयीचा पगारही थांबवावा लागतो, म्हणजे पार्सल येण्याच्या वेळी कुत्रा आतल्या खोलीत. बहुतेकांचं घोडं इथे पेंड खातं: नवी सवय शिकवतात, पण जुनीची कमाई चालूच ठेवतात.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही लाच झाली, खाऊ दाखवल्याशिवाय ऐकणार नाही. लाच कामाच्या आधी देतात, पगार कामानंतर. तुकडा नाकासमोर नाचवून कुत्र्याला बसवत राहिलं, तर आक्षेप खराच ठरतो. म्हणून पहिल्या काही खेपांनंतर हात रिकामा ठेवायचा आणि खाऊ नंतर काढायचा. सवय पक्की झाली की तो कधी द्यायचा, कधी नुसती शाबासकी. शिवाय खाणं हेच एकमेव बक्षीस नव्हे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांच्या २०१७ सालच्या संशोधनात अनोळखी माणसाने काही दिवस वारंवार भेटून खाऊ दिलेल्या कुत्र्यांपेक्षा, अंगावरून हात फिरवलेल्या कुत्र्यांचा त्या माणसावरचा विश्वास जास्त वाढलेला दिसला. ज्याला रोजच्या अन्नाची शाश्वती नाही, त्या कुत्र्याबद्दल हे सांगितलं जातंय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माराने काम होतं, आणि पटकन होतं. होतं खरं. पण काय होतं? गुरगुरणाऱ्या कुत्र्याला फटका दिला तर गुरगुरणं थांबतं. ज्या भीतीने तो गुरगुरत होता ती तशीच राहते, वर माराची भीती वाढते. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद पाडली की ‘न सांगता चावणारा’ कुत्रा तयार होतो, आणि मग लोक नवलाने विचारतात, कालपर्यंत तर चांगला होता. (‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ या म्हणीवर विसंबूनही कुणी हात पुढे करू नये.) अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं, की त्यावर कुत्रा उलट अंगावर आला. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात, धाक-शिक्षेच्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त आढळली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही अधिक वाढलेलं होतं. यावर कुणी म्हणेल, की मुळात द्वाड कुत्र्यांनाच मार मिळत असेल, मग दोष माराचा कसा? शंका रास्त आहे; अशा पाहण्यांमधून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाचं २०२० चं काम महत्त्वाचं. तिथे ६३ कुत्र्यांचे गट करून विजेचा झटका देणारा पट्टा आणि बक्षीस यांची समोरासमोर तुलना केली गेली. काम होतं हाक मारल्यावर परत येण्याचं. त्यासाठी हा पट्टा हवाच असं त्याचे समर्थक सांगतात. बक्षिसाने शिकलेली कुत्री कुठेही मागे पडली नाहीत, उलट आज्ञा अधिक लवकर पाळत होती. म्हणजे ‘पटकन’ हा मुद्दाही टिकत नाही.

तरीही मार सुटत नाही, कारण त्यामागे एक कथा आहे: कुत्रा म्हणजे लांडगा, कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही नाही झालात तर कुत्रा होईल. ही कथा आली रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या लेखातून. त्यांनी पाहिलेले लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती जगभर पोहोचवली आणि पुढे एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये स्वतःच ती खोडली: लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. पसरवणाऱ्यानेच मागे घेतलेली कल्पना आपल्याकडे अजून घरोघरी शिकवली जाते आणि सोफ्यावर चढलेला कुत्रा सत्तापालट करतोय असं सांगितलं जातं. त्याला सोफा मऊ लागतो, इतकंच.

पनवेल-पळस्पे पट्ट्यात फार्महाऊस बरीच, आणि तिथे वेगळा युक्तिवाद ऐकू येतो: आम्हाला लाडोबा नको, राखणदार हवा, बांधून ठेवला की तापट होतो. तापट होतो हे खरं, राखणदार होतो हे खोटं. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चोर आणि दूधवाला यांत फरक करायला शिकत नाही, कारण त्याला दोघांनाही नीट भेटता आलेलं नसतं. अनोळखी माणूस दिसल्यावर दोनदा भुंकून मालकाच्या हाकेला थांबणारा कुत्रा हा खरा राखणदार, आणि ते थांबणं शिकवावंच लागतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ प्राण्याला मारणं आणि अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, दोन्ही गुन्हा मानतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे फार तर फाट्यावरच्या दोन-तीन वडापावांएवढा. कायद्याचा धाक किती, हे त्यावरून समजावं.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अचानक चावरा झालेला कुत्रा आधी पशुवैद्याकडे न्यावा. कान ठणकत असेल, सांधा दुखत असेल तर चिकनच्या तुकड्याने काही होणार नाही. एकदा चावलेल्या कुत्र्याला तोंडाची जाळी घालायची सवय लावणं यात क्रूरता नाही, शहाणपण आहे, आणि ती सवयही खाऊनेच लावता येते. काही कुत्री लहान मुलांच्या घरात कधीच सुरक्षित होणार नाहीत, हेही मान्य करावं. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न तर नसबंदी, लसीकरण आणि कचरा यांचा आहे, तो घरगुती शिकवणीने सुटणारा नाही.

दिवाळीत बाहेर फटाके वाजत असतात आणि पलंगाखाली थरथरणारा कुत्रा अनेक घरांत असतो. त्याला जवळ घेऊ नका, भीतीला उत्तेजन मिळतं, असं सांगणारे भेटतील. भीती ही भावना आहे, बेतून केलेली कृती नव्हे. कुशीत घेतल्याने ती वाढत नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातून स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांकडे केलेली पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक आवाजानंतर लगेच खाऊ किंवा खेळ, हा उपाय करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांना गुण आला होता. म्हणून दिवाळीत एवढं करा: शेवटचा फेरफटका अंधार पडण्याआधी, आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि बार वाजला की तुकडा. भीती फारच असेल तर औषधासाठी पशुवैद्यांना विचारा, पण नुसतं गुंगीचं औषध मागू नका. शरीर सुन्न होतं, घाबरणं आत चालूच राहतं. तुळशीचं लग्न झालं आणि आवाज निवले की फटाक्यांचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून, खाऊबरोबर, आठवड्या-आठवड्याने आवाज वाढवत नेता येतो. पुढची दिवाळी दूर असते, वेळ भरपूर असतो. खाऊ म्हणून ताटातला बेदाणे घातलेला लाडू मात्र कधीही देऊ नका. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.