मालवेअरनंतर संगणकाची नवी उभारणी

भिलाईत पोलाद कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरी ‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द परिचयाचा असतो. ब्लास्ट फर्नेसचे आतले विटांचे अस्तर झिजले की भट्टी थंड करतात, जुने अस्तर काढतात आणि नवे बसवतात. मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम शिरलेल्या संगणकाची दुरुस्तीही अशीच असते. पेटी, पडदा, कीबोर्ड तेच राहतात. आतली डिस्क किंवा तिच्यावरील प्रणाली नवी येते. फरक एवढाच, की भट्टीच्या जुन्या विटा फेकून देता येतात. जुन्या डिस्कवर मात्र आपले प्रकल्प, घरचे फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रे असतात.

हे काम केवढ्या मोठ्या प्रमाणावर करावे लागू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरले. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा बंदरातील कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्या पडद्यावर खंडणी मागत असे, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. ते डिस्कचा सुरुवातीचा भाग आणि फायलींची सूचीच निकामी करत असे. ज्या त्रुटीतून ते शिरे, तिच्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. परंतु एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड वापरून ते अपडेट केलेल्या यंत्रांतही घुसले.

मर्स्कने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. पण त्यात एक मोठी अडचण आली. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कुठे प्रवेश आहे, ही नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांच्या नकला सांभाळत. सगळे सतत जोडलेले असल्याने सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घाना देशातील एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. त्याच्यावरील माहिती विमानाने इंग्लंडला नेली, तेव्हा पुढची उभारणी झाली. यंत्रे नवी आणता येतात, माहिती आणता येत नाही. आणि कायम जोडलेली नक्कल संकटात मूळ प्रतीबरोबरच जाते. आपल्या घरच्या एका संगणकालाही हे तंतोतंत लागू आहे.

आता कामाचा क्रम पाहू. यात क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रथम संगणक जाळ्यापासून तोडा. वाय-फाय बंद करा, केबल काढा. बॅकअपची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह त्याला मुळीच जोडू नका. पडद्यावरील संदेशाचा मोबाइलने फोटो घ्या. शाळेचा संगणक असेल तर लगेच प्रशिक्षकांना सांगा. लपवलेल्या एका तासात बाकीची यंत्रेही बाधित होऊ शकतात. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि डिस्क पुसू नका, ती पुरावा आहे.

डिस्क बदलायलाच हवी का? बहुतेक वेळा नाही. डिस्क धडधाकट असेल आणि बॅकअप असेल, तर तिच्यावरील सर्व पार्टिशन काढून नवी प्रणाली टाकणे पुरते. डिस्क जुनी होऊन टकटक आवाज करत असेल, किंवा कुलूपबंद झालेल्या फायलींचा बॅकअप नसेल, तर नवी घ्या. जुनीवर तारीख लिहून ती बाजूला ठेवा. २०१६ पासून चालणाऱ्या ‘नो मोर रॅन्सम’ उपक्रमात काही मालवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली उद्या मिळू शकते.

नवी डिस्क घेण्याआधी जुनीचा प्रकार पाहा. अडीच इंची साटा आणि छोटी पट्टीसारखी एम.२ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. एम.२ मध्येही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या, निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून किमान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह तयार करा. त्यावरील जुने सर्व पुसले जाते, हे लक्षात ठेवा. ‘क्रॅक’ केलेली विंडोज घेऊ नका. तिच्यातूनच पुन्हा मालवेअर येऊ शकते.

संगणक बंद करून प्लग काढा, लॅपटॉप असेल तर आतील बॅटरीची जोडणी सोडवा. धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवा. डिस्क बदलून स्क्रू कसा, मग पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा. इन्स्टॉल करताना पूर्वीचीच आवृत्ती, म्हणजे होम किंवा प्रो, निवडा. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो. त्यामुळे डिस्क बदलली तरी इंटरनेट मिळाल्यावर तो सहसा आपोआप लागू होतो.

प्रणाली आली की आधी सर्व अपडेट घ्या. रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले साधे खाते उघडा. त्यानंतरच बॅकअप तपासून फक्त कागदपत्रे व फोटो परत आणा. जुने प्रोग्राम उचलून आणू नका, ते नव्याने उतरवून घ्या. पासवर्ड निरोगी यंत्रावरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांची दारे तिथूनच उघडतात.

पालकांना एक विनंती. गुणपत्रिका, अधिवास दाखला, एनडीएच्या अर्जाची कागदपत्रे यांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, आजोळी किंवा क्लाउडवर असावी. एक प्रत तरी संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. दर तीन महिन्यांनी ती जोडून दोन-चार फायली उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेला पॅराशूट.

नवी डिस्क बसवणे हे एका दुपारचे काम आहे. तिच्यावर परत ठेवायला काही शिल्लक असेल का, हे मात्र मालवेअर येण्यापूर्वीच ठरलेले असते. घानात वीज गेली हा योगायोग होता. कपाटातील प्रत हा आपला नेम असू द्या.