माहितीचे पान वाचायचे कसे?

गोष्टीचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचे. मधलेच पान उघडले, तर राजा कोण नि राक्षस कोण, काही कळत नाही. माहितीच्या पुस्तकाचे तसे नसते. तिथे हवे ते पान आधी शोधायचे असते, आणि शोधण्याच्या खुणा पुस्तकातच असतात. आपण मुलांना वाचायला शिकवतो. या खुणा दाखवायच्या मात्र राहून जातात.

आपल्या अलिबागचेच उदाहरण घेऊ. ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येते. भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. असे का होते? बालभारतीच्या 2017 सालच्या सातवीच्या भूगोलात ‘भरती-ओहोटी’ हा पाठच आहे. अनुक्रमणिका मुलाला तिथवर नेते. पुढे उपशीर्षके सांगतात, कोणत्या परिच्छेदात काय आहे. आकृती आणि तिच्याखालची ओळ हीसुद्धा वाचायचीच असते. ती नुसती शोभा नव्हे.

दुसरी गोष्ट मजकुराच्या रचनेची. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे भरती येते, ही झाली कार्यकारणाची मांडणी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, ही तुलना. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती, हा क्रम. ‘म्हणून’, ‘याउलट’, ‘त्यानंतर’ अशा शब्दांवर बोट ठेवायला शिकवले, की मुलाला मांडणी ओळखता येते.

तिसरी गोष्ट तक्ता. भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात आधी रकान्यांची नावे वाचावीत: तारीख, वेळ, पाण्याची उंची मीटरमध्ये. 13.40 म्हणजे दुपारचे 1 वाजून 40 मिनिटे. वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून कालची ओळ आज चालत नाही. आणि ओहोटीची वेळ 11 लिहिली असेल, तर ती किल्ल्याकडे निघायची वेळ नव्हे. त्या वेळी पाणी सर्वांत खाली असते. पुढे ते चढू लागते. म्हणजे त्याआधीच जाऊन वेळेत परतायला हवे. इथे वाचनातली चूक परीक्षेतल्या एका गुणावर भागत नाही.

तेव्हा पालकहो, माहितीचे पुस्तक हाती देताना ‘धडा वाच’ एवढेच म्हणू नका. एखादा प्रश्न द्या आणि विचारा, ‘याचे उत्तर कोणत्या पानावर असेल? ते तुला कशावरून कळले?’