बागांविषयीचा लोककौल

इंदूरहून खांडव्याच्या वाटेवर सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेमुळे या गावाचे नाव देशभर पोहोचले. तेथे यंत्रविद्येबरोबर समाजशास्त्रांचेही अध्ययन होते. या संस्थेने हाती घ्यावे असे एक काम अगदी जवळ आहे. होळकरांच्या लालबागेविषयी सामान्य इंदूरकरांना काय वाटते, हे पद्धतशीरपणे मोजण्याचे ते काम होय.

लालबाग राजवाड्याचे बांधकाम १८८६ ते १९२१ या काळात झाले. एके काळी राजघराण्यापुरत्या असलेल्या त्या आवारात पुढे माळवा उत्सवासारखे मेळे भरू लागले. राजाची बाग प्रजेची झाली, याचा आनंद कोणाला होईल. हिरवळ तुडविली जाते, याची खंत कोणाला वाटेल. दोन्ही पक्ष लोकेच्छेचा हवाला देऊ शकतात. ती इच्छा ठरवावयाची कशी, हाच खरा प्रश्न आहे. १९८१ साली फ्लॉरेन्स येथे तयार झालेल्या सनदेने ऐतिहासिक उद्यानास जिवंत स्मारक मानले. शांतता हा त्याचा नित्यधर्म, तर उत्सव हा क्वचित येणारा अपवाद, असेही म्हटले.

लोकमत मोजणे मात्र सोपे नाही. फाटकाशी उभे राहून येणाऱ्यांनाच विचारले, तर न येणाऱ्यांचे मौन नोंदले जात नाही. ते का येत नाहीत? तिकीट परवडत नाही, की बसावयास सावली नाही, की स्त्रियांना सायंकाळी निर्धास्त वाटत नाही? 'झाडे हवीत की वाहनतळ?' असा प्रश्न विचारणारा उत्तर आधीच ठरवून आलेला असतो. म्हणून घरोघरी विचारावे, निरनिराळ्या वेळी विचारावे आणि लोक बागेत प्रत्यक्ष काय करतात, तेही पाहावे.

स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा इंदूर अग्रस्थानी राहिले. त्या गुणांकनात नागरिकांच्या अभिप्रायालाही स्थान होते. कचऱ्याविषयी जे विचारता येते, ते वृक्षांविषयी का विचारू नये?

आम्हा गोमंतकीयांनाही हा धडा परका नाही. पणजीच्या उद्यानास ज्या गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे, त्याचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्या नावाची जाण किती पणजीकरांना आहे, हे तरी आम्ही कुठे मोजले आहे? लोकमताने वारशाचे मोल ठरत नाही, हे खरे. परंतु लोकांच्या मनात ज्याचे मूळ नाही, असा वारसा फार काळ टिकतही नाही. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी, आणि कुंपण घालण्यापूर्वीही, लोकांना विचारावे.