मराठी बालपुस्तकांची दीड दशकं आणि रायपूरची मुलं

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे आणि शहरात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली मराठी घरं आहेत. इथली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी वाचतात, मराठी घरात ऐकतात. हिंदीमुळे देवनागरी त्यांना येतेच. अडतं ते 'ळ'पाशी, 'च' आणि 'ज'च्या दुहेरी उच्चारापाशी. ते कानानेच शिकावं लागतं. म्हणून या मुलांसाठी पुस्तक निवडताना पहिली कसोटी एकच : ते मोठ्याने वाचायला रंगतं का?

या कसोटीवर गेली दीड दशकं समृद्ध आहेत. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० मध्ये सुरू झाला. मराठीतला पहिला मान अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला, पुढच्या वर्षीचा दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. बोक्या जन्मला आकाशवाणीवर, त्यामुळे त्याच्या गोष्टी जिभेवर सहज खेळतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो आजही आपला वाटतो.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांना पर्याय नाही. 'चित्रवाचन'मध्ये चित्रं बघत गोष्ट मुलांनीच सांगायची, म्हणजे वाचता येण्याआधीच मराठी बोलणं सुरू होतं. 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांत घरातली माणसं, रुसवे, खोड्या आहेत, आणि उपदेशाचा मागमूस नाही. चित्रंही त्यांचीच. २०१६ चा बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला, तो सर्वार्थाने योग्य होता.

मोठ्या मुलांसाठी २०१७ पासूनचा काळ विशेष मोलाचा. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' (पुरस्कार २०१७) धरणापायी गाव सोडावं लागण्याचं दुःख मुलाच्या नजरेतून सांगतं. मुलांना कठीण विषय झेपत नाहीत, हा समज ते खोटा ठरवतं. वनखात्यात काम करणाऱ्या सलीम मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९) रानाची ओढ लावतं. छत्तीसगढच्या मुलांना तर रान जवळचंच. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) वाचून मूल स्वतः लिहायला बसावं, अशी आहे. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) साहसाची भूक भागवतं, तर कवितेसाठी एकनाथ आव्हाडांचं 'छंद देई आनंद' (२०२३) आणि सुरेश सावंतांचं 'आभाळमाया' (२०२५) आहेत.

यातली पुस्तकं रायपूरच्या दुकानांत मिळणं अवघड, ती मागवावीच लागतात. पण वाट न पाहताही सुरुवात करता येते. १९७१ पासूनचे 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत खुले केले आहेत आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात.

याच छत्तीसगढमधून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी मराठीतले दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा सारख्याच ताकदीने वापरणारी माणसं या मातीत घडली आहेत, पुढेही घडतील. त्यासाठी वाढदिवसाला, स्पर्धेच्या बक्षिसाला कप-ढालींऐवजी वर सांगितलेल्यांपैकी एक पुस्तक द्यावं, आणि देणाऱ्याने त्याचं पहिलं प्रकरण मुलाला स्वतः वाचून दाखवावं.